व्हाइटनरखालचे आकडे

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र अभ्यासमंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,



काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला मी बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. टेबलावर तपकिरी कव्हर घातलेल्या जर्नलांची चळत आणि शेजारी पोह्यांची बशी, असा नेहमीचा थाट. म्युलर-लायर भ्रमाचा प्रयोग प्रत्येक जर्नलात होता. दोन सारख्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडणारे. दुसरी लांब वाटते. ती किती लांब वाटते ते सरकपट्टीवर मोजायचं. सतरा जर्नलांत सरासरी भ्रम दशांश चिन्हापुढच्या आकड्यासकट सारखाच निघाला. प्रयोज्य सतरा, प्रयोगकर्ते सतरा आणि उत्तर एक. इतकं एकमत आपल्याकडे ग्रामसभेतही होत नाही.

अठराव्या जर्नलात तक्त्यावर व्हाइटनरचा जाड थर होता. पान खिडकीकडे धरलं तर खालचे आकडे दिसत होते. पहिल्या काही वाचनांत सतरा-अठरा मिलिमीटरची चूक, मग पंधरा, मग तेरा, चाळिसाव्या वाचनाला दहा. त्यांच्यावर पांढरा थर, आणि थरावर सगळ्यांसारखे शहाणे आकडे. तोंडी परीक्षेत मी त्या मुलीला याबद्दल विचारलं, तर ती कावरीबावरी झाली. म्हणाली, "मॅडम, माझं चुकलं होतं. आकडे उतरतच गेले. मग दुरुस्त करून घेतले."

तिचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स जड यांनी १९०२ मध्ये हेच छापलं होतं: सराव वाढतो तसा म्युलर-लायर भ्रम ओसरत जातो. गावाकडच्या एका खोलीत, लाकडी सरकपट्टीवर या मुलीला तेच सापडलं आणि आपल्या परीक्षापद्धतीनं तिला ते पुसायला लावलं. हे पत्र त्या पुसण्याबद्दल आहे.

मी एकतीस वर्षं पदवीच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवलं. विद्यार्थिदशेत मीही वरच्या वर्गातल्या मुलीचं 'फेअर जर्नल' दोन रात्रींत उतरवून काढलं होतं. आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढल्या, म्हणून पाठीवर शाबासकीही मिळाली. तेव्हा या रोगाकडे मी बाहेरून बोट दाखवते आहे असं कृपया समजू नये.

आपण अभ्यासक्रम आखता तेव्हा वेदन आणि संवेदन हा भाग सुरुवातीच्या एका घटकात बसतो. डोळ्याची आकृती, कानाची आकृती, समष्टिवादाचे नियम, खोलीची जाणीव, भ्रम. विद्यार्थी तो कसाबसा ओलांडतो आणि व्यक्तिमत्त्व, विकृती, समुपदेशन या 'खऱ्या' मानसशास्त्राकडे धावतो. यात त्याची चूक नाही, कारण त्याच्यापुढे हा भाग जीवशास्त्राच्या उरल्यासुरल्या धड्यासारखाच येतो. पण सगळ्या पदवीत हा एकच भाग असा आहे की जिथे पुरावा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अंगात असतो. फ्रॉइडचे रुग्ण त्याला कधीच भेटणार नाहीत, मिलग्रमची खोली तो बघणार नाही. आपल्याला नेमकं कुठे दिसत नाही, हे मात्र तो पाच मिनिटांत शोधू शकतो.

आपणही शोधू शकता. मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं फुलीकडेच बघत राहा आणि कागद हळूहळू पुढेमागे करा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातून दृष्टिचेता जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून हे घडतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ठिपक्याच्या जागी काळं भोक दिसत नाही, कागदच दिसतो. मेंदूनं ती जागा आजूबाजूच्या रंगानं लिंपून टाकलेली असते, आणि जन्मभर लिंपत आलेला असतो. डोळ्यानं जे कळवलं ते वेदन आणि मेंदूनं त्यातून जे उभं केलं ते संवेदन, हा फरक व्याख्या पाठ करून कळत नाही. ठिपका गेला की कळतो. आपल्याकडे न्यायदर्शनानं निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्ष असा भेद केला तोही याच वळणाचा: आधी नुसतं 'काहीतरी', मग 'ही गाय'. हे दोन भेद तंतोतंत एक नाहीत, पण वर्गात अर्धा तास वाद घालण्याइतके नक्कीच जवळचे आहेत.

आता त्या बाणांच्या आकृतीकडे परत येते, कारण जर्नलात सर्वांत जास्त हाल तिचे होतात. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी ती १८८९ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या पुस्तकांत तिची गोष्ट साधारण तिथेच संपते. खरं तर पुढची निम्मी गोष्ट भारतात घडली. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे केंब्रिजचे संशोधक १८९८ मध्ये टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेले आणि १९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहिले. तोडांचं पाहणं, ऐकणं, स्पर्श त्यांनी मोजले आणि १९०५ मध्ये ते निष्कर्ष छापले. म्युलर-लायर आकृतीनं तोडा लोक इंग्रज प्रयोज्यांपेक्षा कमी फसत होते. उभी रेघ आडवीपेक्षा लांब वाटण्याच्या भ्रमात मात्र ते जास्त फसत होते. म्हणजे 'अडाणी माणूस जास्त फसतो' ही साहेबी समजूत एका साध्या पट्टीनं मोडीत काढली.

१९६६ मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोव्हिट्स यांनी जगभरच्या सुमारे १९०० लोकांवरचं काम पुस्तकरूपानं मांडलं. त्यांचं म्हणणं असं की ज्यांचं आयुष्य चौकोनी खोल्या, काटकोन आणि सरळ कडा यांच्यात जातं त्यांच्या डोळ्याला कोपऱ्यांवरून अंतर ओळखायची सवय लागते, आणि बाणांच्या आकृतीत तीच सवय अंगाशी येते. हे पटण्यासारखं होतं. मग दिल्लीहून उलटा पुरावा आला. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात आणि नजर आल्यावर त्या मुलांना काय आणि कसं दिसतं याचा अभ्यासही होतो. २०१५ मध्ये या गटानं दाखवलं की आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहू लागलेली ही मुलं म्युलर-लायर भ्रमाला लगेचच बळी पडतात. खोल्यांचे कोपरे डोळ्यांनी शिकायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

मग भ्रम कुठून येतो? घडणीतून की सवयीतून? की दोन्हींतून, आणि असल्यास कशाचा वाटा किती? एकशे तीसहून जास्त वर्षं झाली, वाद मिटलेला नाही. आपला विद्यार्थी ज्या सरकपट्टीवर खोटे आकडे लिहितो ती पट्टी या चालू भांडणातला एक साक्षीदार आहे. हे त्याला कुणी सांगितलंच नसेल, तर तो खरे आकडे कशाला लिहील?

'प्रकाश' प्रकल्पानंच आणखी एका जुन्या कोड्याला हात घातला. आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारलं होतं: जन्मांध माणसाला घन आणि गोल हातानं ओळखता येतात; त्याला अचानक दृष्टी आली तर नुसतं पाहून तो त्यांतला फरक सांगेल का? उत्तर २०११ मध्ये पाच भारतीय मुलांनी दिलं. आधी हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणं त्यांना पहिल्या चाचणीत जवळपास जमलंच नाही, अंदाजपंचे उत्तरांपेक्षा थोडंच बरं. पण काही दिवसांतच जमू लागलं. युरोपच्या तत्त्वज्ञानातलं तीनशे वर्षांचं कोडं दिल्लीत, बहुतेक खेड्यांतून आलेल्या मुलांमुळे पुढे सरकलं. आपल्या अभ्यासक्रमात याला एक ओळ तरी मिळावी, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी डोळ्यांबाहेर पडण्याची. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात चार उपकरणं होती. त्यांतली तीन डोळ्यांसाठी, आणि चौथ्याची किल्ली हरवलेली. स्पर्श आणि वजन हे तर या शास्त्राचं माहेर. अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये स्पर्शावरचं आपलं काम छापलं. हातातल्या वजनात झालेला बदल कळायला तो बदल मूळ वजनाच्या ठरावीक हिश्शाइतका असावा लागतो, हे त्यांचं सूत्र. हा हिस्सा साधारण दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. भाजीवाली पावभर मिरचीवर चार मिरच्या टाकते तेव्हा आपल्या हाताला ते समजतं. दहा किलोच्या पिशवीत तिनं मूठभर टाकल्या तरी पिशवी तेवढीच वाटते. हे शिकवायला जर्मनीहून यंत्र मागवावं लागत नाही. एकसारखे प्लास्टिकचे डबे, चाळलेली वाळू आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढं पुरतं. आधी शंभर ग्रॅमचा डबा आधाराला धरून किती भर कळते ते काढायचं, मग तीनशेचा घेऊन तेच करायचं. वेबर बरोबर असतील तर दुसऱ्या वेळी जवळजवळ तिप्पट भर लागेल. मुलांना गणित नको असतं म्हणतात. पण हे गणित मी मुलांना एकमेकांच्या तळहातावर भांडून भांडून करताना पाहिलं आहे.

दोन टूथपिकांची टोकं बोथट करून पट्टीला चिकटवली की स्पर्शाचा दुसरा प्रयोग तयार. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर चार सेंटिमीटरपर्यंत दोन्ही मिळून एकच भासतात. आपली त्वचा म्हणजे सगळीकडे एकाच बारकाईनं काढलेला नकाशा नव्हे, हे जर्नलातल्या परिच्छेदानं कधीच उमगणार नाही.

कानाबद्दल तर आपण फारच कृपण आहोत, आणि तेही महाराष्ट्रात. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये देशातला पहिला मानसशास्त्र विभाग निघाला. त्याच्या सहा वर्षं आधी, १९१० मध्ये, कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. श्रुती पडताळून बघायला त्यांना साथ होती ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची. देवलांच्या गणितावर पुढे पुष्कळ टीका झाली. पण दोन स्वरांत केवढं अंतर असलं की कानाला ते दोन म्हणून कळतात, हा त्यांचा प्रश्न अस्सल मानसभौतिकीचा होता. ज्या प्रदेशात हा प्रश्न गाणाऱ्यांनी आणि सरकारी नोकरांनी मिळून सोडवायला घेतला, तिथल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं कानावर एकही प्रयोग न करता पदवी घ्यावी, हे आपल्याला पटतं का? आज मोबाइलवर हवी ती कंपनसंख्या वाजवणारी मोफत साधनं मिळतात. वर्गात एखादी मुलगी गाणं शिकणारी आणि एखादा मुलगा ढोलपथकातला असतोच. त्या दोघांचे कान शेजारी बसवून मोजा.

आणि भाषा? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाच्या आसपास तो कळेनासा झाला. आपण दिवसातून दोनदा 'ताट' हा शब्द उच्चारतो. इंग्रजीत वाढलेल्या प्रौढ कानाला त्यातली दोन्ही व्यंजनं बहुधा एकच वाटतात. मराठी वर्गात हे सांगितलं की पोरं आधी हसतात आणि मग गप्प होतात, कारण पुढचा प्रश्न त्यांच्या लगेच ध्यानात येतो: आमच्या कानांनी काय गमावलंय?

हा विषय चैनीचा आहे असं कुणी म्हणेल, म्हणून न्यायालयातलं एक उदाहरण देते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट संपादनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड होऊनही रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेलेल्या एका उमेदवाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की अशा उमेदवारांना वगळू नये, अभ्यासक्रमात लागतील ते बदल करावेत. 'रंगांधळा' हा शब्दच आपली दिशाभूल करतो. अशा माणसाला जग काळंपांढरं दिसतं असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेकांची गल्लत होते ती लाल-हिरव्याच्या काही छटांत, आणि हे रंग टिपणाऱ्या डोळ्यातल्या रंगद्रव्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे ती मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळते. आपल्या वर्गातही असा एखादा बसलेला असू शकतो. कदाचित त्यालाच ते ठाऊक नसेल. वेगळं दिसणं आणि कमी दिसणं यांतला फरक ओळखणारे पदवीधर या समाजाला हवे आहेत. ते शाळेत शिक्षक होतील, कारखान्यात भरती करतील, समुपदेशक होतील. समोरच्याचा अनुभव आपल्यासारखाच असेल असं गृहीत न धरणं हा समुपदेशनाचा पहिला धडा असेल, तर तो समुपदेशनाच्या पेपरच्या आधी इथेच शिकून होतो.

आता अडचणींकडे वळते. एका तुकडीत साठ-सत्तर मुलं, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, प्रयोगशाळा म्हणजे ग्रंथालयामागची अर्धी खोली. मी हे सगळं भोगलं आहे. यांतलं बरंचसं आपल्या हातात नाही. पण गुण कशाला द्यायचे हे पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि विद्यार्थी गुणांच्या मागे जातो. आज आपण नीटनेटक्या जर्नलाला गुण देतो, म्हणून तो नीटनेटकं जर्नल देतो.

म्हणून नियम एवढाच करावा: गुण कच्च्या नोंदींना. प्रयोग ज्या दिवशी झाला त्याच दिवशी शाईनं भरलेला तक्ता, त्यावर तारीख, वेळ, प्रयोज्याची संमती आणि शिक्षकाची सही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. व्हाइटनर बंद. 'मध्येच वीज गेली', 'प्रयोज्य कंटाळली', 'शेजारच्या वर्गात टाळ्या वाजल्या' अशा शेऱ्यांसाठी तक्त्यात वेगळी जागा. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नयेत. एकच प्रश्न विचारावा: तुझा आकडा पुस्तकातल्यापेक्षा वेगळा का आला? आणि साठ मुलांचे साठ आकडे फळ्यावर एकत्र मांडून त्यांचा आलेख काढणं सक्तीचं करावं. त्या पसाऱ्यात सरासरी, विचलन, सराव, थकवा सगळं आपोआप भेटतं, आणि नक्कल केलेले सतरा आकडे एकाच जागी मनोऱ्यासारखे उभे राहून आपली चुगलीही करतात.

या शास्त्राची सुरुवातही काही नीटनेटकी नव्हती. गुस्ताव फेक्नर यांनी रंगीत काचांतून सूर्याकडे बघत डोळ्यांत उरणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास केला आणि स्वतःचे डोळे बिघडवून घेतले. पुढची काही वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली. (ते अनुकरण मात्र कुठल्याही महाविद्यालयात होऊ देऊ नये.) २२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्यांना सुचलं की वेदन आणि उद्दीपक यांचं नातं गणितात मांडता येईल. त्यातून १८६० मध्ये त्यांचा ग्रंथ आला. आपल्या जर्नलांतल्या मापनाच्या तिन्ही पद्धतींना आकार दिला तो त्यांनीच. आपण त्यांच्या पद्धती ठेवल्या आणि त्यांचं वेड सोडून दिलं.

शेवटी त्या मुलीबद्दल. मी तिला जडचं नाव सांगितलं, तिचं मूळ वाचनच बरोबर होतं हेही सांगितलं. तिनं मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. गुणपत्रिकेत जर्नल, प्रयोग आणि तोंडी असे तीन रकाने होते. पुसलेल्या आकड्यांसाठी रकाना नव्हता. बाहेर पुढची तुकडी खोळंबली होती. तिच्या जर्नलाच्या पहिल्या पानावर 'सर्व प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत' असं छापलेलं प्रमाणपत्र होतं, आणि त्याखाली परीक्षकाच्या सहीची जागा.

तिथे माझी सही आहे. ती करायची पाळी पुढच्या परीक्षकावर येऊ नये, म्हणून हा पत्रप्रपंच.



आपली,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका